दाण्यांचं सफरचंद : एका फळाच्या नावांची प्रस्तावना

पश्चिम आणि उत्तर युरोपातल्या बऱ्याच भाषांत डाळिंबाला स्वतःचं नाव नाही. तिथे ते कुणाचं तरी सफरचंद आहे. इंग्रजांचं 'पॉमग्रॅनेट' म्हणजे दाण्यांचं सफरचंद. जर्मनांचं 'ग्रानाटआप्फेल' तेच, डचांचं, स्वीडिश लोकांचं आणि हंगेरियनांचं नावही तेच. इटालियन माणूस 'मेलाग्राना' म्हणतो, त्यातला 'मेला' हा सफरचंदच. जे फळ कापल्यावर सफरचंदाशी काडीचंही साम्य दाखवत नाही, त्याला एवढ्या भाषांनी मिळून सफरचंद का म्हणावं, या एका प्रश्नातून ही छोटी पुस्तिका निघाली.

मोडनिंबच्या वाचकाला याचं आश्चर्य वाटायला नको. बोरांच्या बाजारामुळे आपलं गाव पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांना माहीत झालं, आणि त्याच बाजारात 'ॲपल बोर' नावाचं थोराड, हिरवट फळ सफरचंदाचं नाव लावून विकलं जातं. गिऱ्हाइकाला ओळखीच्या फळाचं नाव सांगितलं की निम्मा सौदा झाला. रोमन व्यापाऱ्यांनी वेगळं काही केलं नव्हतं. त्यांच्या लॅटिनमधला 'मालुम' हा शब्द सफरचंदासाठी होता आणि जे जे गोल, गरदार फळ बाहेरून येई त्यालाही तो चिकटे. पुढे फ्रेंचांनी बटाट्याला 'जमिनीचं सफरचंद' आणि इटालियनांनी टोमॅटोला 'सोन्याचं सफरचंद' करून टाकलं, ती याच खोडीची पुढची पिढी.

पुस्तिका डाळिंबाच्या शेतीची नाही, हे आधीच सांगतो. बहार कधी धरावा, बागेला ताण किती द्यावा, भगव्या वाणाला दर काय, यातलं काहीही पुढच्या पानांत सापडणार नाही. त्यासाठी सोलापुरातच २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि त्याहून जवळ प्रत्येक चहाच्या टपरीवर दोन-तीन जाणकार आहेत. इथे आहे ती फक्त एका नावाची भटकंती: ते कुठून निघालं, वाटेत त्याने काय काय अंगावर घेतलं, आणि कुठल्या भाषेत ते फळ सोडून भलत्याच वस्तूवर जाऊन बसलं.

सुरुवात मात्र घरापासून करायला हवी, कारण सोलापूर जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. संस्कृतातला शब्द 'दाडिम'. तो मुळात संस्कृतचाच की आणखी जुन्या कुठल्या भाषेतून आलेला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याच्या 'ड'चा 'ळ' झाला, शेवटच्या 'म'ला 'ब' येऊन मिळाला आणि मराठीत 'दाळिंब', 'डाळिंब' तयार झालं. सीमेपलीकडचा कन्नड माणूस 'दाळिंबे' म्हणतो. सोलापूर शहरातल्या विणकरांच्या पेठांत तेलुगू बोललं जातं, तिथे ते 'दानिम्म' होतं. त्याच शहरात उर्दू बोलणाऱ्या घरात 'अनार'. म्हणजे एका शहराच्या आसपास चार नावं, त्यांतली तीन एकाच घरातली आणि चौथं फारसीतून आलेलं. गुजरातीत 'दाडम', बंगालीत 'डालिम'. समुद्र ओलांडून मलयपर्यंत गेलं तर तिथे 'दलिमा', आणि तिथे तर माणकालाही तेच नाव. फळाचा दाणा आणि लाल खडा यांची सांगड घालायला माणसाला युरोपात जावं लागलं नाही.

यात 'लिंब' शोधू नये. डाळ अधिक लिंब असा विग्रह मी एकापेक्षा अधिक शहाण्या तोंडांतून ऐकला आहे, आणि गावाच्याच नावात निंब असल्यामुळे तो इथे विशेष गोड लागतो. पण शब्दांचे आवाज जुळले म्हणून त्यांची सोयरीक होत नाही. 'डाळिंबी'चं बघा. सोललेल्या मोडाच्या वालांना आपण डाळिंब्या म्हणतो, ते दाण्यांच्या रूपावरून की डाळीवरून, हा वाद पंगतीत रंगवायला ठीक आहे. त्यावर पैज लावू नये. अमरकोशात डाळिंबासाठी 'करक' हा आणखी एक शब्द आहे. 'करक' म्हणजे पाण्याचं भांडंही. फुगीर पोट आणि वरचा तुऱ्यासारखा काठ पाहिला तर ते पटतं. आणि 'करका' म्हणजे गारा. बागेत फळ भरलं असताना गारपीट झालेल्या माणसाला या दोन शब्दांचं शेजारपण फारसं गमतीचं वाटणार नाही.

आता युरोप. लॅटिनमध्ये या फळाला दोन नावं होती. 'मालुम ग्रानातुम', म्हणजे दाणेदार सफरचंद, आणि 'मालुम पुनिकुम', म्हणजे कार्थेजचं सफरचंद. कार्थेज आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर होतं. रोमनांना चांगली डाळिंबं तिकडून येत, म्हणून पत्ता तिकडचा पडला. फळाचं खरं माहेर इराणपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा पट्टा. पण गिऱ्हाईक मालाचं गाव शेवटच्या दुकानावरून ठरवतं. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज जाळून जमीनदोस्त केलं. फळाच्या नावात मात्र ते राहिलं. १७५३ साली लिनियसने वनस्पतींना दोन शब्दी नावं दिली, तेव्हा त्याने दोन्ही लॅटिन नावं एकत्र बांधली: 'प्युनिका ग्रॅनेटम'. आपल्याकडे बागांवर पडणाऱ्या तेल्या रोगाच्या जिवाणूचं शास्त्रीय नाव पाहा, शेवटी 'प्युनिसी' येतं. सांगोल्याचा शेतकरी औषधाच्या दुकानात उभा राहून ज्या रोगाला शिव्या घालतो, त्याच्या नावात हॅनिबलचं गाव आहे.

दुसरं नाव अधिक फळलं. 'ग्रानातुम'मध्ये 'ग्रानुम' आहे, म्हणजे दाणा. या 'ग्रानुम'वर पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे, आणि संपादकाच्या नजरेने ते लांबलंही असेल, पण ते कापायला माझं मन तयार झालं नाही. कारण या शब्दाचा भाऊबंद आपल्या घरात आहे आणि तो भलत्याच वेशात आहे. इंग्रजीचं 'कॉर्न' आणि 'ग्रेन', लॅटिनचं 'ग्रानुम' आणि संस्कृतचं 'जीर्ण' हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज मानले जातात. मूळ अर्थ पिकणं, झिजणं, वयात येणं याच्या आसपासचा. पश्चिमेकडे त्याचा पिकलेला दाणा झाला, आपल्याकडे पिकलेलं म्हातारपण: जरा, जीर्ण, आणि त्याच धातूच्या 'जूर्ण' या रूपावरून प्राकृतातून आलेलं 'जुना'. भेंडी 'जून' झाली असं म्हणताना आपण त्या मूळ अर्थाच्या सगळ्यांत जवळ असतो, कारण भेंडी जून होते म्हणजे तिच्यात दाणा धरतो. 'अजीर्ण'ही याच कुळातलं. तेव्हा अजीर्ण आणि ग्रेनेड हे दूरचे चुलत आहेत असं कुणी म्हटलं तर हसावं, पण खोडून काढू नये.

ग्रेनेडपाशी आलोच आहोत. फ्रेंचमध्ये डाळिंबाला नुसतं 'ग्रनाद' म्हणतात. सफरचंद त्यांनी वाटेत टाकून दिलं. सोळाव्या शतकात लोखंडाचा पोकळ गोळा दारूने भरून, वात पेटवून हाताने फेकायची पद्धत रुळली. गोल, कडक सालीचा, आत दाणेदार दारू, वरच्या तोंडाला वात, आणि फुटला की चहूकडे उडणारा. सैनिकांनी त्याला डाळिंब म्हटलं, आणि तो शब्द इंग्रजीत 'ग्रेनेड' म्हणून गेला. स्पॅनिशमध्ये आजही फळाला आणि हातबॉम्बला एकच शब्द, 'ग्रानादा'. हिब्रूत 'रिमोन' म्हणजे डाळिंब, आणि आधुनिक हिब्रूत हातबॉम्बही. आपल्याकडे दिवाळीत मातीच्या गोल कुपीत दारू भरून ठिणग्यांचं झाड उडवतात त्या भुईनळ्याला 'अनार' म्हणतात. दारूगोळा हातात आला की माणसाला डाळिंब आठवतं, असं दिसतं.

गोळे फेकणारे शिपाई उंच आणि दणकट निवडत. फ्रेंचांनी सतराव्या शतकात त्यांना 'ग्रेनेडियर' म्हटलं. फ्रेंचमध्ये 'ग्रनादिए'चा दुसरा, साधा अर्थ आहे डाळिंबाचं झाड. शब्द इंग्रजांनी उचलला, आणि त्यांच्यामागून मुंबई इलाख्याच्या फौजेत आला. १९२२ मध्ये फेररचना झाली तेव्हा तिथल्या काही पलटणींची 'फोर्थ बॉम्बे ग्रेनेडियर्स' झाली, आजची भारतीय लष्कराची 'द ग्रेनेडियर्स' ही रेजिमेंट. तिच्या बिल्ल्यावर पेटता गोळा आहे. नीट पाहिलं तर वरच्या ज्वाळा डाळिंबाच्या तुऱ्याच्या जागी आहेत. १९६५ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणारे अब्दुल हमीद याच रेजिमेंटचे. १९९९ मध्ये टायगर हिलवर लढलेले योगेंद्रसिंह यादवही इथलेच, आणि तेव्हा त्यांच्या नावामागे हुद्दा म्हणून लागत होतं ते 'ग्रेनेडियर'. इतर पलटणींत जिथे शिपाई म्हणतात, तिथे इथे हा शब्द. मुंबई इलाख्यातली किती कुटुंबं या शब्दाला शौर्याचा शब्द म्हणून ओळखतात, आणि त्यांतल्या कुणाला त्यात फळ दिसत असेल?

रत्नाचीही शाखा याच खोडाला फुटली. लाल खड्याला लॅटिनमध्ये डाळिंबाच्या दाण्यावरून नाव पडलं, त्याचं इंग्रजीत 'गार्नेट' झालं. आपल्याकडे राहूसाठी बोटात घालतात तो गोमेद हा गार्नेटच्याच कुटुंबातला खडा, रंगाने मधाळ. सराफाकडे तो कॅरेटमध्ये तोलतात. बागेत प्लॅस्टिकच्या क्रेटलाही आपण 'कॅरेट'च म्हणतो, पण तो योगायोग आहे, त्याचा या पुस्तिकेशी संबंध नाही. सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

एकाच शब्दाने सगळी ओझी वाहायची वेळ पोलिशवर आली. तिथे 'ग्रानात' म्हणजे डाळिंब, 'ग्रानात' म्हणजे गार्नेट, 'ग्रानात' म्हणजे हातबॉम्ब, आणि 'ग्रानातोवी' म्हणजे गडद निळा. लाल फळाच्या नावातून निळा रंग! दुसऱ्या महायुद्धात जर्मन अमलाखाली काम करणाऱ्या पोलीस दलाला गणवेशावरून पोलिश लोक याच रंगाच्या नावाने ओळखतात. शेजारी रशियनने व्याकरणाच्या लिंगाचा उपयोग केला: पुल्लिंगी 'ग्रनात' फळ किंवा खडा, स्त्रीलिंगी 'ग्रनाता' हातबॉम्ब. कुप्रिनच्या प्रसिद्ध कथेतलं कंकण गार्नेटचं आहे; शब्दकोशात पहिलाच अर्थ घेणाऱ्या अनुवादकाच्या हातून नायिकेला डाळिंबाचं कंकण मिळालं असतं. जर्मनने तिघांची व्यवस्थित वाटणी केली: फळाला सफरचंद जोडलं, खड्याला 'ग्रानाट', गोळ्याला 'ग्रानाटे'. आणि मग उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी छोट्या कोळंबीलाही 'ग्रानाट' म्हणायला सुरुवात केली. ही कोळंबी मात्र परकी. तिचा दाण्याशी काही संबंध नाही; ती कोळंबीच्या डच नावाच्या नात्यातली आहे.

इथेच ही पुस्तिका लिहिण्याचं खरं कारण सांगायला हवं. शब्दाचा चेहरा आणि शब्दाचं कूळ या दोन गोष्टी आपण एकच समजतो. 'सगळं संस्कृतातून निघालं' म्हणणारे आणि 'सगळं बाहेरून आलं' म्हणणारे, दोघेही चेहरा पाहूनच निकाल देतात. ज्यांना युरोपची उदाहरणं लांबची वाटतात त्यांनी आपल्या बाजार समितीचा इंग्रजी भावफलक वाचावा. हरभऱ्याला तिथे 'बेंगाल ग्रॅम' लिहिलेलं असतं. हा 'ग्रॅम' पोर्तुगीज 'ग्राँव' या शब्दाचा अवतार, म्हणजे लॅटिनचा 'ग्रानुम', डाळिंबाचा सख्खा. आणि तोच हरभरा ज्या ग्रॅम-किलोत मोजला जातो, तो ग्रॅम ग्रीक 'ग्रामा'मधून आलेला, त्याचं नातं लिहिण्याशी. एका ओळीत दोन ग्रॅम, अक्षर एक, कुळं दोन. उलट 'जून' आणि 'ग्रेनेड' यांचा चेहरा कुठेच जुळत नाही आणि कूळ एक.

ग्रानादा शहराचंही असंच. स्पेनमधल्या या शहराचं नाव फळावरून पडलं असं सरसकट सांगितलं जातं. शहराचं अरबी नाव 'घर्नाता' होतं. त्याचा उगम काहीही असला तरी स्पॅनिश कानांना त्यात डाळिंब ऐकू आलं आणि त्यांनी ते खरं करून दाखवलं. १४९२ मध्ये शहर जिंकल्यावर स्पेनच्या राजचिन्हाच्या तळाशी एक उकललेलं डाळिंब आलं, ते आजही तिथे आहे. वेस्ट इंडीजमधलं ग्रेनेडा हे त्याच नावाचं दूरचं कलम. क्रिकेटमुळे ते आपल्या कानावर असतं. ती व्युत्पत्ती चुकीची असली तरी तिने राजचिन्ह घडवलं, तेव्हा तिला नुसती चूक म्हणून सोडून देता येत नाही.

इटालियनमधली 'ग्रानाता' मला वैयक्तिक फार आवडते. तिचा एक अर्थ हातबॉम्ब. एक अर्थ तांबूस किरमिजी रंग, म्हणून तुरीनच्या 'तोरिनो' फुटबॉल संघाला त्याच्या जर्सीवरून 'ग्रानाता' म्हणतात. आणि एक अर्थ चक्क केरसुणी. ही केरसुणी ज्वारीच्या एका जातीच्या कणसांपासून करतात. दाणे काढून झाल्यावर उरणारे ताठ तुरे बांधायचे. तिच्याही नावात दाणाच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कोठारापासून हाकेवर राहणाऱ्या माणसाला हे वाचून बरं वाटेल: डाळिंब आणि ज्वारी, आपल्या जिल्ह्याची दोन पिकं, हजारो मैलांवरच्या एका शब्दात शेजारी बसली आहेत. आपल्या दोन्ही पिकांना, सोलापूरच्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला, भौगोलिक मानांकनही २०१६ सालीच मिळालं.

दाण्याच्या कुळात न शिरलेल्या भाषाही युरोपात आहेत आणि त्या नकाशावर एका बाजूला गोळा झाल्या आहेत. ग्रीकचं स्वतःचं जुनं नाव आहे, आजचं रूप 'रोधी'. रोमानियनने तेच घेतलं. बल्गेरियनमध्ये 'नार', तुर्कांकडून आलेला, मुळात फारसी, म्हणजे आपल्या 'अनार'चाच भाऊ. क्रोएशियन 'शीपाक' म्हणजे डाळिंब, पण सर्बियात तोच शब्द जंगली गुलाबाच्या लाल फळासाठी. दोघांची भाषा जवळजवळ एक, तरी बाजारात घोटाळा ठरलेला. आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाला एकटा पोर्तुगीज 'रोमाँ'. शेजारचा स्पॅनिश 'ग्रानादा' म्हणत असताना पोर्तुगीजाने वेगळं का म्हणावं? कुणी त्याचं नातं अरबी 'रुम्मान'शी लावतं, कुणी रोमच्या सफरचंदाशी. पुस्तिकेत दोन्ही बाजू मांडल्या आहेत. माझा कल वाचकाला कळेलच.

या पोर्तुगीजांमुळे एक गोष्ट लक्षात येते. १५१० मध्ये ते गोव्यात आले आणि त्यांच्याबरोबर आलेल्या अननस, पपई, काजू, बटाटा यांची नावं मराठी-कोकणीत कायमची राहिली. 'रोमाँ' मात्र बंदरातच राहिला. वस्तू नवी असेल तर तिच्याबरोबर नावही उतरतं. वस्तू आधीच परसात असेल तर पाहुण्याच्या शब्दाला कुणी पाट मांडत नाही. फारसी 'अनार'नेही आपल्याकडे अनारदाणा आणि फटाका एवढीच जागा मिळवली, फळ मराठी माणसाने 'डाळिंब'च ठेवलं.

वाचकाच्या सोयीसाठी थोडं. परभाषेतले शब्द उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत. फ्रेंचचा घशातला 'र' आणि पोर्तुगीजचं नाकातलं बोलणं देवनागरीत पुरतं बसत नाही, ते ऐकूनच समजून घ्यावं. प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील. कुर्डुवाडी-पंढरपूर गाडीत बसून वाचणाऱ्याने 'जीर्ण'चं प्रकरण आधी घ्यावं. १९०६ साली पंढरपूरला पोहोचलेल्या बार्शी लाइटच्या अरुंद रुळांची वाट जुन्या माणसांना आठवत असेल, त्यांना तो शब्द लवकर उमजेल.

एक धागा मी जाणूनबुजून सोडला आहे. ज्या फारसीने अर्ध्या आशियाला 'अनार' दिला, तिने हातबॉम्बला मात्र डाळिंब म्हटलं नाही. तिथे तो 'नारेंजक', म्हणजे छोटं नारिंग. आणि 'नारंग' हा शब्द निघाला इथून: संस्कृतातून फारसीत, तिथून अरबीत, स्पॅनिशमध्ये 'नारांखा', फ्रेंचमध्ये पुढचा 'न' गाळून 'ओरांज'. नाव आपलं. पण ज्यांचं ते फळ प्रसिद्ध, ते नागपूरकर त्याला म्हणतात 'संत्रं', ज्याचं नातं बरेच जण पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाशी जोडतात. ते पुस्तक नागपूरच्या कुणीतरी लिहावं.